शेक घ्यायच्या आधी दात

परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास सकाळी फिरलात ना, की काखेत फायली धरलेले पेशंट दिसतात, त्यात तोंडाच्या कॅन्सरचे कितीतरी. तंबाखू, मिश्री, गुटखा... गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे म्हणे, असो.

यातल्या बऱ्याच जणांना रेडिएशन, म्हणजे आपल्या भाषेत शेक, घ्यायचे असतात, सोमवार ते शुक्रवार, सहा-सात आठवडे. आणि त्याआधी त्यांना पाठवतात दाताच्या डॉक्टरकडे. माणूस वैतागतो हो, इथं जिवाचं पडलंय आणि तुम्ही दात काय बघताय! आमचे मामा हेच म्हणाले आणि गेलेच नाहीत.

आता बघा, शेकानं जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि तो नंतर पहिल्यासारखा होत नाही, म्हणून किडलेला, हलणारा दात काढायचाच तर आधी काढायचा, जखम भरायला दोन-तीन आठवडे मिळाले पाहिजेत. मामांनी शेक संपल्यावर दोन वर्षांनी गावातच दाढ काढली, शेक घेतलेत हे त्यांनी सांगितलं नाही आणि समोरच्यानं विचारलंही नाही. ती खाच भरलीच नाही, आतलं हाड उघडं पडलं, जिभेला टोचायचं.

दुसरी गोष्ट लाळ. ती आटते. मामा उशाशी तांब्या घेऊन झोपायचे, भाकरी ताकात कुस्करल्याशिवाय घशाखाली उतरायची नाही. लाळ नसली की चांगले दातसुद्धा हिरडीजवळून किडायला लागतात, म्हणून फ्लोराइड देतात, रोज लावायचं, जन्मभर.

तोंड सोलून निघतं त्या दिवसांत लहान मुलांचा मऊ ब्रश, आणि लिटरभर पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा घालून दिवसभर अधूनमधून गुळण्या. झोंबणारा माउथवॉश नको, त्यात अल्कोहोल असतं. किमो चालू असेल तर रक्ताचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाताला हात लावू द्यायचा नाही, प्लेटलेट कमी असतील तर रक्त थांबत नाही.

आणि या काड्या, आइस्क्रीमच्या. शेकानं जबडा आखडतो, म्हणून एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची. मामी शेजारी बसून मोजायची. अकरावर अडकले होते, दिवाळीपर्यंत चौदा झाल्या.