मार्ग घेतला, इंजिन राहिले

नमस्कार, श्रोतेहो. आगगाडी चालवण्याचे संगणकीय खेळ, म्हणजेच ट्रेन सिम्युलेटर, पाहून अनेकजण विचारतात की जी गाडी रूळ सोडून कुठे जाऊच शकत नाही, तिच्यात खेळायचे ते काय? उत्तर सोपे आहे: थांबवणे. १९९६ साली जपानमध्ये आलेल्या ‘डेन्शा दे गो’मध्येही कसोटी हीच होती की वेळापत्रक सांभाळून गाडी नेमक्या खुणेपाशी उभी करता येते का.

आता किमतीकडे वळू. मूळ खेळ स्वस्त असतो, पण पुढचा प्रत्येक मार्ग आणि प्रत्येक इंजिन वेगळे विकत घ्यावे लागते. पुन्हा सांगतो, मार्ग वेगळा आणि इंजिन वेगळे.

मी सवलतीत एक घाटमार्ग घेतला आणि मोठ्या उत्साहाने पहिली फेरी निवडली, तेव्हा पडद्यावर सूचना उमटली की या फेरीसाठी लागणारे इंजिन तुमच्याकडे नाही. ती अट वर्णनाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत होती. सवलत फक्त मार्गावर होती. दोन दिवस मी रुसून बसलो आणि तिसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण किमतीला घेतले. मग उतारावर ब्रेक लावला, घाईने सोडला, पुन्हा लावला, पुन्हा सोडला. हवेच्या ब्रेकमध्ये सोडल्यावर नळीतला दाब पुन्हा भरायला वेळ लागतो, हे मला पुस्तकी माहीत होते. पण तिसऱ्यांदा दांडा ओढला तेव्हा गाडीने जेमतेम दाद दिली आणि फलाट शांतपणे खिडकीबाहेरून मागे गेला. इंजिन आणि तीन डबे फलाटापुढे जाऊन थांबले, फेरी नापास झाली, आणि मी लगेच तीच पुन्हा सुरू केली.

किंमत चढी का, याचे कारण उघड आहे: प्रत्येक वळण, सिग्नल आणि चढ हाताने उभारावा लागतो आणि घेणारे मोजकेच असतात. (माझ्या मते चित्रांपेक्षा इंजिनाच्या आवाजावर अधिक खर्च व्हावा, चढावर इंजिनाची दमछाक आधी कानांना कळते.) ज्यांना खर्च नको, त्यांच्यासाठी स्वयंसेवकांनी घडवलेले ‘ओपन रेल्स’ मोफत आहे आणि २००१ च्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरसाठी तयार झालेले मार्ग त्यावर चालतात. तिथेही कोणता मार्ग कोणते डबे मागतो, ती यादी आधी वाचा. मार्ग वेगळा, इंजिन वेगळे. नमस्कार.