हॅरी बाहेरून दिसतो तेव्हा

रसिकहो, ३० जुलै २०१६ रोजी लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये ‘हॅरी पॉटर अँड द कर्स्ड चाइल्ड’ या नाटकाचा अधिकृत शुभारंभ झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याची संहिता पुस्तकरूपाने विक्रीस आली. नाटक पाहण्याआधी ती वाचणाऱ्या असंख्य वाचकांपैकी मी एक होतो, आणि त्या वाचनाने माझी निराशा झाली. कथा जे. के. रोलिंग, जॅक थॉर्न आणि दिग्दर्शक जॉन टिफनी या तिघांची, संहिता थॉर्न यांची. परंतु रोलिंग यांच्या हॅरी पॉटर कादंबऱ्यांमधला तो तपशिलांचा भरगच्चपणा तिच्यात मला कुठे सापडला नाही. शिवाय तिसऱ्या कादंबरीत मुले भूतकाळात जाऊन जे करतात, ते मुळात घडून गेलेलेच असते. या नाटकात मात्र भूतकाळ बदलता येतो. ही सवलत नाटककाराने घ्यायला नको होती, असे मला आजही वाटते.

पुढे लंडनला जाण्याचा योग आला, तेव्हा मी दुपारी पूर्वार्ध आणि त्याच संध्याकाळी उत्तरार्ध पाहिला. दोन्ही मिळून पाच तासांहून अधिक वेळ, आणि मध्ये जेवणापुरती मोकळीक. ज्यांनी महेश एलकुंचवारांची ‘वाडा चिरेबंदी’, ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही त्रिनाट्यधारा सलग पाहिली आहे, त्यांना या मधल्या वेळेचे मोल सांगायला नको. आपण प्रेक्षागृहाबाहेर येतो, चार घास खातो, पण नाटकातले कुटुंब आपल्यासोबत रस्त्यावर चालत असते. न्यूयॉर्कमध्ये २०२१ पासून हे नाटक एकाच भागात आटोपशीर केले गेले, त्याचे मला वाईट वाटते ते याच कारणाने.

प्रेक्षकांनी कथानकातील गुपिते फोडू नयेत, अशी नाटकमंडळींची विनंती असते, आणि तिचा मान राखून मी उत्तरार्धाविषयी काही सांगणार नाही. मला सांगायचे आहे ते पूर्वार्धातूनही सांगता येईल.

नाटक सुरू होते तेच मुळी सातव्या कादंबरीच्या शेवटच्या दृश्यापासून. किंग्ज क्रॉस स्थानकावर, फलाट क्रमांक पावणेदहावर, हॅरी आपला धाकटा मुलगा आल्बस याला शाळेच्या गाडीत बसवून देतो आहे. कादंबरीत हे दृश्य वाचताना आपण नकळत हॅरीच्या बाजूला उभे असतो, कारण मोजकी प्रकरणे सोडली तर सातही पुस्तकांत आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहिलेले असते. त्याचे भय, त्याचा संताप, त्याच्या कपाळावरच्या व्रणाची ठणक हे सारे आपल्याला आतून ठाऊक असते. रंगमंचावर ही सोय उरत नाही. तिथे चाळिशीकडे झुकलेला एक थकलेला गृहस्थ दिसतो, त्याच्या मनात काय चालले आहे ते आपल्याला कोणी सांगत नाही, आणि हा माणूस आपल्या मुलाला जसा दिसत असेल तसाच तो आपल्यालाही प्रथमच बाहेरून दिसू लागतो. पुढची गोष्ट नाटकाच्याच रूपात यायला हवी होती, असे माझे मत बनले ते इथे.

आल्बसच्या शाळेच्या चौथ्या वर्षाच्या आदल्या रात्रीचा प्रवेश पाहा. हॅरी आल्बसला एक जुने, विटके पांघरूण देतो. स्वतः तान्हा असताना तो ज्यात गुंडाळलेला होता तेच ते पांघरूण. आईची तेवढीच एक वस्तू त्याच्यापाशी उरलेली आहे. मुलाला त्याचे काहीच वाटत नाही. शब्दाला शब्द वाढतो, तुम्ही माझे वडील नसता तर बरे झाले असते असे मुलगा म्हणून जातो, आणि तू माझा मुलगा नसतास तर, असे कधीकधी मलाही वाटते, हे बापाच्या तोंडून निघून जाते. कादंबरीने यानंतर हॅरीच्या पश्चात्तापाचा परिच्छेद दिला असता आणि आपण त्याला क्षमा केली असती. इथे नुसती शांतता पसरते, आणि आपली सहानुभूती बापाकडे जावी की मुलाकडे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

जादूचे प्रयोग थक्क करणारे आहेत, आणि त्याचे श्रेय जेमी हॅरिसन यांच्याकडे जाते; पण मला अधिक भावला तो प्रवासी पेट्यांचा आणि काळ्या झग्यांचा साधा खेळ. पेट्या रचल्या की आगगाडी होते, झगा फडकला की समोरची वस्तू नाहीशी होते. आपण तेवढ्यावर विश्वास ठेवतो, कारण रंगभूमीवर विश्वास ठेवण्याची सवय आपल्याला जुनीच आहे.

हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेचे फिरते जिने कादंबऱ्यांमध्ये गमतीचा भाग होते. इथे रंगमंचावर दोनच जिने आहेत. आल्बस आणि त्याचा एकुलता एक मित्र, हॅरीचा शाळेतला वैरी ड्रेको मॅल्फॉय याचा मुलगा स्कॉर्पिअस, यांची वडीलधाऱ्यांनी ताटातूट केलेली आहे. दोघे दोन जिन्यांवर उभे असतात, जिने सरकत सरकत जवळ येतात, मुले एकमेकांकडे पाहतात, आल्बस नजर वळवतो आणि जिने पुन्हा लांब जातात. एकही शब्द उच्चारला जात नाही. फक्त इमोजेन हीप यांचे संगीत चालू असते. माझ्या शेजारचे अनोळखी गृहस्थ डोळे पुसत होते. संहितेत या प्रवेशाला जेमतेम काही ओळींची जागा आहे, आणि घरी वाचताना मी त्या न थांबता ओलांडून गेलो होतो.