डिझाइनचा इंटरव्ह्यू: "हा टॉलरन्स का दिला?"

नमस्कार मंडळी. प्लेसमेंटचे दिवस आले की नांदेड, लातूर, परभणीहून एकच कमेंट येते, "दादा, डिझाइनला जायचंय, कुठलं सॉफ्टवेअर शिकू?" कॅटिया, क्रिओ, सॉलिडवर्क्स, कुठलंही एक नीट शिका. दुसरं लवकर हाताला बसतं. हा विषय इथंच संपवू.

बेसिकही भराभर सांगतो. फ्री बॉडी डायग्राम, स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह, फर्स्ट अँगल प्रोजेक्शन. यंग्ज मॉड्युलस, म्हणजे मटेरियलचा ताठपणा, स्टीलचा साधारण 200, ॲल्युमिनियमचा 70 गिगापास्कल. पट्टीची जाडी दुप्पट केली की वाकायला ती आठपट कडक होते, का ते सांगता आलं पाहिजे. प्लास्टिक पार्टची रिब भिंतीएवढी जाड ठेवली की दर्शनी बाजूला सिंक मार्क, म्हणजे खळगा, येतो. एवढं येतंच, असं धरतो.

आता पोरं अडकतात ती जागा. वाळूजला मी इंटरव्ह्यू पॅनेलवर बसतो. तुमच्याच प्रोजेक्टच्या ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सवर, म्हणजे माप किती कमी-जास्त चालेल त्या आकड्यावर, बोट ठेवून विचारतो, "इथं ±0.01 मिलिमीटर का?" बहुतेकांचं उत्तर, "सर, ॲक्युरसीसाठी." अरे, हे उत्तर नाही! तो पार्ट कशात बसतो, काय काम करतो, ते सांगा.

कागद घ्या. 20 मिलिमीटरचे तीन ब्लॉक, प्रत्येकी ±0.1. ते एका खाचेत शेजारी-शेजारी बसवायचे. खाच 60.4, तिलाही ±0.1. फट 0.4. ब्लॉक तिन्ही जाड आणि खाच लहान निघाली तर फट शून्य. उलट झालं तर 0.8. हा वर्स्ट केस. पण चारही मापं एकदम टोकाला जाणं विरळाच, म्हणून मोठ्या उत्पादनात टॉलरन्सच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. ते येतं ±0.2, म्हणजे फट 0.2 ते 0.6. पॅनेलसमोर दोन्ही मांडा आणि कुठलं का धरलं ते बोला.

हेच शॉप फ्लोअरवरून, मशीनजवळ उभं राहून बघा. ±0.01 टाईप करायला काही लागत नाही. खाली मात्र लेथच्या टर्निंगवर संपणारा जॉब ग्राइंडिंगला जातो. 0.02 लीस्ट काउंटचा, म्हणजे त्याहून बारीक न मोजणारा व्हर्नियर तिथं चालत नाही, मायक्रोमीटर काढावा लागतो. पैसा वाढला तो तुमच्या एका आकड्यानं. एकानं कमेंट केली होती, "टॉलरन्स क्वालिटीवाले बघतात." नाही हो! ते तपासतात. ठरवायचा डिझायनरनं. याचा मला खरंच राग येतो, कारण हुशार पोरं एवढ्यावरून परत जातात.

परभणी जिल्ह्यातली एक मुलगी आली होती. वडिलांचं पेरणी यंत्राचं वर्कशॉप. तिच्या ड्रॉइंगमध्ये पिनेला चांगली मोकळी फट होती. का, विचारलं. म्हणाली, "सर, यंत्र मातीत चालतं. पिन घट्ट ठेवली तर धूळ शिरून जाम होते, आणि शेतकऱ्याला ती शेतातच हातानं काढावी लागते." एच7-जी6, म्हणजे भोक आणि पिनेच्या फिटचा ठरलेला कोड, तिला पाठ नव्हता. तक्ता पुढं केला, तिनं 25 मिलिमीटरची ओळ वाचून फट 7 ते 41 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) येते हे काढलं, आणि हा फिट आपल्या पिनेला का चालणार नाही तेही सांगितलं. आम्ही तिला घेतलं.

इंग्रजी अडखळतं म्हणणाऱ्यांनो, पेन्सिल मागा आणि सेक्शन, म्हणजे पार्टचा छेद, काढून दाखवा. त्यात इंग्रजी कमी लागतं.

आता खाच 60.4 ऐवजी 60.3 करा. वर्स्ट केसला काय होतं आणि वर्गमूळाच्या हिशोबानं काय होतं, दोन्ही कमेंटमध्ये लिहा. मी वाचतो.