15 सेकंद, 40 यार्ड

(दृश्य: मॉलचा रिकामा फूड कोर्ट. टेबलांवर अर्धवट राहिलेलं खाणं.)

17 जुलै 2022, रविवार. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं ग्रीनवुड. संध्याकाळी 5 वाजून 56 मिनिटांनी मॉलच्या प्रसाधनगृहातून एक तरुण रायफल घेऊन बाहेर येतो आणि दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडू लागतो.

तिथंच मैत्रिणीबरोबर आलेला 22 वर्षांचा एक मुलगा आहे. त्याच्याजवळ पिस्तूल आहे. तो खांबाचा आधार घेतो, नेम धरतो. अंतर 40 यार्ड, म्हणजे क्रिकेटच्या जवळजवळ दोन खेळपट्ट्या. त्याच्या 10 गोळ्यांपैकी 8 लागतात. हल्ला सुरू झाल्यापासून 15 सेकंदांत हल्लेखोर कोसळतो.

त्या 15 सेकंदांत तिघं गेले. पण त्या मुलामुळे किती जण घरी परतले, हे मोजता येणार नाही. त्याचं मोल कमी करायचा मला अजिबात हक्क नाही.

(दृश्य: वॉशिंग्टन. पत्रकार परिषदेचं व्यासपीठ.)

डिसेंबर 2012 मध्ये अमेरिकेतल्या सँडी हुकच्या शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेली. आठवड्याभरात नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूक बाळगण्याच्या हक्काची बाजू लढवणाऱ्या संघटनेचे वेन लापिएर यांनी ठासून सांगितलं, की बंदूक घेतलेल्या वाईट माणसाला बंदूक घेतलेला चांगला माणूसच थांबवू शकतो. ग्रीनवुडनंतर हे वाक्य पुन्हा सगळीकडे घुमलं.

पण प्रत्यक्ष गर्दीत काय होतं? न्यूयॉर्कमध्ये ऑगस्ट 2012 मध्ये, एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर, दोन पोलिसांनी एका खुन्यावर 16 गोळ्या झाडल्या. तो मेला. आणि रस्त्यावरचे 9 जण जखमी झाले, सगळे पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या उडालेल्या तुकड्यांनी. हे तर रोज कमरेला शस्त्र बांधून फिरणारे, सराव केलेले लोक.

(दृश्य: अर्वाडा, कोलोरॅडो. जुन्या बाजारपेठेतला चौक.)

आता 21 जून 2021. भर दुपारी एका माणसानं पोलीस अधिकाऱ्याला शॉटगननं ठार केलं, मग आपल्या गाडीतून रायफल काढली. शेजारच्या लष्करी सामानाच्या दुकानातून 40 वर्षांचा एक ग्राहक धावत बाहेर आला. जवळच्या पिस्तुलानं त्यानं त्या माणसाला पाडलं. पुढचं कुणाचं मरण त्यानं थोपवलं.

मग त्यानं ती रायफल उचलली. तेवढ्यात दुसरा पोलीस आला. त्याला दिसला हातात रायफल घेतलेला एक अनोळखी माणूस. चांगला की वाईट, हे कपाळावर लिहिलेलं नसतं. पोलिसानं गोळी झाडली आणि वाचवणाराच गेला. सरकारी वकिलांनी त्याला नायक म्हटलं, आणि त्या पोलिसावर खटला भरला नाही. मला ही गोष्ट ग्रीनवुडइतकीच सांगावीशी वाटते, कारण दोन्हीकडे धाडस सारखंच होतं.

एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेनं 2000 ते 2013 मधल्या लोकांवर बेछूट गोळीबाराच्या 160 घटना तपासल्या. पोलीस नसलेल्या सशस्त्र माणसांनी उलट गोळीबार केल्यावर हल्ला थांबला, असं 5 वेळा घडलं. त्यांतही 4 वेळा ते सुरक्षारक्षक होते. परवान्याचं शस्त्र बाळगणारा साधा नागरिक, फक्त एक.

आणि निःशस्त्र लोकांनी झडप घालून हल्लेखोराला धरलं, अशा घटना 21.

(दृश्य: टूसान, ॲरिझोना. सुपरमार्केटसमोरची मोकळी जागा.)

8 जानेवारी 2011. खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स लोकांना भेटत असताना त्यांच्या डोक्यात गोळी घातली गेली. 6 जण मारले गेले. बाजूच्या औषधाच्या दुकानातून एक तरुण धावला. खिशात पिस्तूल, चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेला खटका, सेफ्टी, काढलेला. समोर एकाच्या हातात बंदूक दिसली. त्यानं त्याला धरून भिंतीवर ढकललं, पण स्वतःचं पिस्तूल बाहेर काढलं नाही.

ती बंदूक त्या माणसानं हल्लेखोराच्या हातातून काढून घेतलेली होती.

खरा हल्लेखोर एव्हाना जमिनीवर दाबून धरलेला होता. बंदुकीचं मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरलेली पेटी, बदलायला तो थांबला, तेवढ्यात लोक त्याच्यावर तुटून पडले होते. धरणाऱ्यांत 74 वर्षांचे एक निवृत्त कर्नल होते; त्यांच्या डोक्याला गोळी चाटून गेली होती, रक्त वाहत होतं. आणि 61 वर्षांच्या एका बाईंनी ते दुसरं मॅगझिन त्याच्या हाताला लागू दिलं नाही.