पाळीचं पाणी

मघाशी ओळख करून देताना ताई म्हणाल्या, लहानपण निसर्गाच्या कुशीत गेलं म्हणून मी पाण्याच्या या कामाकडे वळलो. कुशीबिशी काही नव्हती हो. पावसात चिखल्यांनी पाय कुजायचे आणि मे महिन्यात काजू राखत उन्हात बसावं लागायचं. कौतुक करायला सवड कुणाला होती?

मला शिकवलं ते पऱ्याने, म्हणजे गावच्या ओढ्याने. भातं झोडून झाली की घरटी एक माणूस यायचा आणि दगड, माती, डहाळ्या घालून पऱ्याला बांध पडायचा. अडलेलं पाणी पाटाने पोफळीच्या बागांत फिरायचं. प्रत्येक घराची पाळी ठरलेली, आमची बहुतेकदा रात्रीची. काका कंदील घेऊन पुढे, मी खोरं घेऊन मागे. वेळ संपली की पाटाच्या तोंडाशी माती ओढून पाणी खालच्या घराकडे सोडायचं, शेवटच्या पोफळींची आळी कोरडी राहिली तरी. एकदा मी म्हटलं, "काका, राहू दे की अजून जरा, ते झोपलेत." काका म्हणाले, "झोपलेत म्हणूनच सोड."

हे पाणी येतं कुठून, ते पुढे भूजलाचा अभ्यास करताना कळलं. कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. सह्याद्रीपासून समुद्र जेमतेम 50-60 किलोमीटर, त्यामुळे बरंचसं पाणी धावत खाडीला मिळतं. उरतं ते सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळी पठाराच्या, पोटात. वरचा जांभा सच्छिद्र, खाली शेडीचा, म्हणजे चिकट मातीचा थर. मुरलेलं पाणी शेडीवर अडतं आणि सड्याच्या कडेला झऱ्यांनी बाहेर पडतं. म्हणजे आमचा बांध खाली होता, पण टाकी वर सड्यावर.

आणि सातबाऱ्यावर हा सडा पुष्कळदा 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला निकामी! रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या सड्यावर कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी भलामोठा हत्ती कोरून ठेवला. कोकणातली अशी कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ती कोरणाऱ्यांना काही सडा खराबा वाटला नसावा. आपण मात्र चिऱ्याच्या खाणींसाठी तो तासून काढतो, आणि खालचा झरा आटला की एप्रिलात टँकर मागतो.

पण लहानपण गावात गेलं की माणूस आपोआप शहाणा होतो, हे मला पटत नाही. त्याच पाटावर माझ्याबरोबर रात्री काढलेला एक मित्र आज चिऱ्याची खाण चालवतो. माणूस वाईट नाही. आता बांध घालायला वाडीत माणसंच नाहीत, सगळी मुंबईला. राहिलेल्यांनी आपापल्या अंगणात बोअर मारली. बोअरला पाळी नसते, आणि खालच्या घरात पाणी पोचलं का, हे विचारायचं कारणही उरत नाही. नुसत्या आठवणींवर माणूस सडा राखत नाही. त्या पाण्यात त्याचा वाटा असावा लागतो.

म्हणून शाळांना माझं सांगणं असतं, मुलांना वृक्षारोपणाच्या फोटोपुरतं बाहेर काढू नका. वाडीतला एक झरा त्यांच्याकडे द्या. बादली भरायला किती सेकंद लागतात, एवढंच मोजायचं. जानेवारीपासून पाऊस लागेपर्यंत दर पंधरवड्याला, मुलांनी पाळी लावून. आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. सडा विकायचा विषय ग्रामसभेत निघतो, तेव्हा आमच्या भाषणांपेक्षा तो फळा जास्त उपयोगी पडतो.