काप्रीहून आलेलं पत्र

इसवी सन ३१. ऑक्टोबरची १८ तारीख. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर, अपोलोच्या देवळात सिनेटची बैठक भरते आहे. सेजेनस खुशीत आहे. देवळाबाहेर मॅक्रो नावाच्या अधिकाऱ्याने त्याच्या कानात सांगितलंय, सम्राटाचं पत्र आलंय, तुम्हाला ट्रिब्यूनचे अधिकार मिळणार. हे अधिकार सहसा सम्राटाच्या वारसालाच मिळत. म्हणजे गादी एका पावलावर.

हा सेजेनस ना राजघराण्यातला, ना सिनेटरांच्या घराण्यातला. सम्राटाच्या अंगरक्षक दलाचा, प्रिटोरियन गार्डचा तो प्रमुख. दलाच्या विखुरलेल्या तुकड्या त्याने शहराच्या वेशीवर एकाच छावणीत आणल्या. एकदा स्पेर्लोंगाच्या गुहेत जेवण चालू असताना दरड कोसळली. बाकीचे पळाले. सेजेनस मात्र गुडघे टेकून सम्राट टायबेरियसवर ओणवा राहिला. तेव्हापासून सम्राटाने त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला.

पुढे टायबेरियस काप्री बेटावर जाऊन राहिला, तो रोमला परतलाच नाही. त्याची पत्रं सैनिक नेत-आणत, आणि सैनिक सेजेनसचे. माझ्या मते त्याची खरी ताकद तलवारीत नव्हती, या टपालात होती. म्हाताऱ्या सम्राटाला काय कळावं, हे तोच ठरवत होता.

ही वाट चुकवून एक पत्र काप्रीला पोचलं. ते सम्राटाच्या भावजयीचं, अँटोनियाचं होतं. विश्वासू गुलामाच्या हाती तिने सेजेनसचा कट कळवला, असं इतिहासकार जोसेफस सांगतो.

आता देवळात उत्तर वाचलं जातंय. मॅक्रोने बाहेरच्या अंगरक्षकांना केव्हाच छावणीत परत पाठवलंय. त्यांच्या जागी रात्रीच्या गस्तीचे शिपाई उभे आहेत. पत्र लांबलचक. आधी भलताच विषय, मग सेजेनसवर थोडी टीका, पुन्हा दुसरंच काही, पुन्हा टीका. सुरुवातीला त्याचा जयजयकार करणारे सिनेटर शेजारून उठून दूर बसू लागतात. शेवटी हुकूम येतो, याला पहाऱ्यात ठेवा. कॉन्सुल, म्हणजे रोमचा वरिष्ठ पदाधिकारी, रेग्युलस त्याला पुढे बोलावतो. सेजेनस जागचा हलत नाही. त्याला कुणी हुकूम देण्याची सवयच उरलेली नव्हती. तिसऱ्या हाकेला तो विचारतो, “मला? मला बोलावताय?”

त्याच दिवशी त्याला मारलं. लोकांनी तीन दिवस प्रेताची विटंबना केली आणि मग ते टायबर नदीत फेकलं.

त्याच्या मुलांनाही सोडलं नाही. धाकटी मुलगी इतकी लहान होती की वाटेत विचारत राहिली, मी काय केलं? कुठे नेताय? पुन्हा नाही करणार, हवं तर छडी मारा. इतिहासकार टॅसिटसने हे लिहून ठेवलंय. ते वाचताना आजही घशात आवंढा येतो.

सेजेनसची जागा मॅक्रोला मिळाली. छावणी तशीच राहिली. दहा वर्षांनी, इसवी सन ४१ मध्ये, टायबेरियसनंतर सम्राट झालेल्या कॅलिग्युलाचा खून झाला. राजवाड्यात लपून बसलेल्या त्याच्या काकाला, क्लॉडियसला, अंगरक्षकांनी बाहेर ओढलं, ते याच छावणीत नेलं आणि सम्राट करून टाकलं. सिनेटची चर्चा तेव्हा अजून चालूच होती.