मावळचा गुलाब, आल्समेरचं घड्याळ

[दृश्य: पवनानगर, पहाट. पॉलिहाऊसमध्ये कापणी. कात्रीचा आवाज तसाच ठेवावा.]

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. ऊन चढायच्या आत कापणी उरकायची आहे. दांड्यावर पाच पर्णिकांची दोन पानं राखून त्यांच्या वर कात्री लावतात, कारण पुढचा फुटवा तिथूनच निघतो. कळी बघा. बाहेरची एखादी पाकळी जेमतेम सुटली आहे. देशातल्या बाजारासाठी हीच कळी आणखी थोडी उमलू दिली असती. हा माल नेदरलँड्सला जाणार आहे.

[दृश्य: बादल्या, जवळून.]

कापलेला दांडा लगेच बादलीत. बादलीतल्या पाण्यात सायट्रिक आम्ल घालून सामू चारच्या आसपास आणलेला असतो; अशा पाण्यात जिवाणू कमी वाढतात आणि दांडा पाणी लवकर ओढतो. दांडा कोरडा राहिला तर त्याच्या नळ्यांमध्ये हवा शिरते, पाण्याची वाट अडते आणि चार-सहा दिवसांनी कळीची मान वाकते. चूक मावळात होते, उघडी पडते थेट युरोपातल्या फुलदाणीत.

[दृश्य: छाटणी, डिसेंबर. पडदे खाली ओढणारे हात.]

हे चित्रण त्याआधीच्या डिसेंबरातलं. व्हॅलेंटाईन डे 14 फेब्रुवारीला. युरोपातल्या दुकानांत फूल वेळेत लागायचं, तर इथली कापणी साधारण 25 जानेवारी ते 8-10 फेब्रुवारी एवढ्या खिडकीत बसली पाहिजे. छाटणीपासून फुलापर्यंत 45 ते 55 दिवस धरतात, म्हणजे छाटणी डिसेंबरच्या मध्याला. एवढं गणित कुणीही करेल, पण हवामान ते पाळत नाही. डिसेंबरात रात्री फार गारठल्या की कळी रेंगाळते. मग संध्याकाळी बाजूचे पडदे लवकर खाली येतात. ऊब जास्त झाली तर फूल 20 जानेवारीलाच तयार, आणि तेव्हा त्याला गिऱ्हाईक नाही. ढगाळ हवेत पडदे बंद ठेवले की आत दमटपणा साचतो आणि डाऊनी हा बुरशीचा रोग येतो. दिवसा कोरडं, रात्री दमट असं चाललं की भुरी. उन्हाचा तडाखा वाढला की लाल कोळी. कळीवर चढवलेली ही जाळीची टोपी, हिला इथे नुसतं 'कॅप' म्हणतात. टोपीमुळे कळी लवकर सुटत नाही, लांबट आणि भरीव होते.

[दृश्य: वाफे, जातींच्या पाट्या.]

टॉप सीक्रेट. ताजमहाल. गोल्ड स्ट्राइक. अवॅलांच. या पाट्या मावळात कुठल्याही फुलशेतीवर दिसतील. अशा व्यापारी जातींमागे डच पैदासकारांचा, म्हणजे नव्या जाती तयार करणाऱ्यांचा, मोठा हात आहे. त्यांचं कलम परवानाधारक रोपवाटिकेतून घ्यायचं आणि प्रत्येक रोपामागे रॉयल्टी भरायची. ती बुडवून लावलेली जात इथे वाढते, फुलतेही. पण युरोपीय संघाच्या 1994 च्या नियमानुसार पैदासकाराचा हक्क कापलेल्या फुलापर्यंत पोचतो. त्यामुळे परवान्याचा कागद नसलेलं फूल तिकडे विकायला काढणं म्हणजे आपण होऊन दावा ओढवून घेणं. हेक्टरी 60 ते 80 हजार रोपं आणि पाच-सात वर्षांची बाग धरली, तर हा खर्च किरकोळ नाही.

[दृश्य: वेंगुर्ला, डच वखारीचे अवशेष. समुद्राच्या बाजूने.]

डच इथे पहिल्यांदा आले ते फुलांसाठी नव्हे. 1602 मध्ये त्यांची ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. 1637 मध्ये वेंगुर्ल्याला त्यांची वखार पडली. मिरी आणि कापडाचा व्यवहार, गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर, आणि बातम्या. विजापूर दरबारात काय शिजतंय, शिवाजी महाराजांच्या फौजा कुठे आहेत, हे वेंगुर्ल्याहून पत्रांनी बटेव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्तातल्या कंपनीच्या मुख्य ठाण्याला, कळत असे. या भिंती आज पडायला आल्या आहेत. कागद मात्र नेदरलँड्सच्या दप्तरांत जपलेले आहेत.

स्वतंत्र भारताशी राजनैतिक संबंध जुळले 1947 मध्ये. त्याला 75 वर्षं झाली त्या वर्षी, एप्रिल 2022 मध्ये, राष्ट्रपती रामनाथ कोविंद नेदरलँड्सला गेले होते. क्युकेनहॉफच्या बागेत एका पिवळ्या ट्युलिपचं नाव ठेवलं गेलं, 'मैत्री'.

[दृश्य: तळेगाव. जुनं पॉलिहाऊस, मग नवं.]

मैत्रीची खरी देवघेव तळेगावात बघायची. 1991 नंतर निर्यातीसाठी फुलं काढायचे मोठे प्रकल्प पुण्याच्या आसपास उभे राहिले. तंत्र डच होतं, ढाचेही बरेचसे तिकडचे. डच हरितगृह थंडीत ऊब धरून ठेवायला बांधलेलं असतं. आपल्याला एप्रिल-मे मध्ये ऊब बाहेर काढायची असते. आत झाडं भाजली, पंख्यांवर विजेचं बिल चढलं, शीतसाखळी धड नव्हती. प्रकल्प कर्जात रुतले. त्यातूनच आजचं रूप आलं: उंच छत, वर कायम उघडी फट, बाजूंना गुंडाळता येणारे पडदे, 200 मायक्रॉनचा अतिनील-रोधक प्लॅस्टिकचा कागद. पंखा नाही. तळेगाव दाभाड्याला पणन मंडळाचं प्रशिक्षण केंद्र डच सहकार्याने सुरू झालं, आणि कापणीनंतर फूल कसं हाताळायचं हे गावागावातल्या पोरांनी तिथे शिकून घेतलं. आमच्या मते या दोन देशांच्या नात्यातली सर्वांत टिकाऊ वस्तू हे शिक्षणच आहे. त्याबद्दल संयुक्त निवेदनांत फार तर एक ओळ असते.

[दृश्य: ग्रेडिंगचं टेबल. हात, फूटपट्टी, पन्हळी कागद.]

ग्रेडिंगच्या टेबलावर सेंटिमीटरच्या खुणा. 40, 50, 60, 70. दांडा जितका लांब आणि सरळ, तितका भाव. वाकडा दांडा, पानावर भुरीचा ठिपका, कळीला फुलकिड्याचा ओरखडा: बाजूला. वीस फुलांची जुडी बांधतात, सगळ्या कळ्या एका पातळीत, भोवती पन्हळी कागद. त्याआधी काही तास शीतगृहात 2 ते 4 अंशांवर पाणी पिऊन झालेलं असतं. फूल गार व्हायच्या आधी खोक्यात भरलं की आतल्या आत वाफ धरते. पाकळीवर पाणी सुटतं आणि राखाडी बुरशी बसते. शेतावर तिचा मागमूस नसतो. तीन दिवसांनी खोकं उघडलं की तपकिरी डाग.

[दृश्य: रात्री, रीफर (माल थंड ठेवणारी) व्हॅन द्रुतगती मार्गावर.]

गाडी रात्री निघते. मुंबईच्या विमानतळापर्यंत काळजी नाही, काळजी आहे त्यानंतरच्या तासांची. खोकी गाडीतून उतरली आणि विमानात चढली, या दोन्हींच्या मधे ती उघड्यावर किती वेळ थांबली, यावर फुलाचं फुलदाणीतलं आयुष्य ठरतं. फेब्रुवारीत विमानातली जागा महाग होते. थेट ॲमस्टरडॅमची जागा मिळाली नाही की माल आखातातून वळसा घेतो, म्हणजे एक चढउतार जास्त.

[दृश्य: टेबलावर कागदपत्रं.]

सोबत बीजक, पॅकिंग लिस्ट, एअरवे बिल आणि फायटोसॅनिटरी, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचं, प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर 80 खोकी आणि प्रत्यक्षात 78, एवढ्यावरही माल अडतो. पहाटे दोन खोकी कमी भरली आणि कागद बदलायचा राहिला, असं घडतं. स्किपोल विमानतळावर तपासनीस जुडी पांढऱ्या पृष्ठभागावर झटकून बघतात. बंदी असलेली कीड जिवंत सापडली, तर ती खेप नष्ट.

[दृश्य: आल्समेर, लिलावगृह. ट्रॉल्यांच्या रांगा. घड्याळाचा पडदा.]

हे आल्समेर. फुलांचा जगातला सर्वांत मोठा लिलाव. चालवते रॉयल फ्लोराहॉलंड, आणि ही कंपनी नसून उत्पादकांची सहकारी संस्था आहे. सभासदांच्या मालकीच्या साखर कारखान्यासारखी. आपल्याकडे बोली वर चढते, इथे पडद्यावरच्या घड्याळात भाव वरून खाली उतरतो. जो आधी बटण दाबेल त्याचा माल. थांबलं तर स्वस्त मिळेल, पण तोवर दुसरा उचलेल. खरेदीदार आता बहुतेक आपल्या कचेरीत संगणकासमोर बसतात, आणि निम्म्याहून जास्त उलाढाल घड्याळाबाहेर, थेट करारांनी होते.

या ट्रॉल्यांवरचे गुलाब बहुतांशी डच मातीतले नाहीत. केनिया, इथिओपिया. नैवाशा सरोवराचा परिसर सुमारे 1,900 मीटर उंचीवर, बारा महिने रात्री थंड, म्हणून तिथली कळी टपोरी होते. मावळची उंची त्याच्या निम्मीही नाही. निसर्गाचं समजू शकतो. पण केनियाचा गुलाब युरोपात विनाशुल्क उतरतो. आपल्यासाठी युरोपीय संघाचा मूळ दर नोव्हेंबर ते मे साडेआठ टक्के, जून ते ऑक्टोबर बारा टक्के. नेदरलँड्स कितीही जवळचा मित्र असला तरी हा दर हेगमध्ये ठरत नाही, ब्रुसेल्समध्ये ठरतो. भारत आणि युरोपीय संघाच्या मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी 2007 मध्ये सुरू झाल्या, 2013 मध्ये थांबल्या, 2022 मध्ये पुन्हा सुरू झाल्या.

[दृश्य: रॉटरडॅम बंदर, तेलवाहू जहाजं. दहा सेकंद.]

आकडेवारीत नेदरलँड्स ही भारतीय मालाची बडी बाजारपेठ दिसते. त्यात मोठा वाटा रॉटरडॅमला उतरणाऱ्या पेट्रोलियम पदार्थांचा. गुलाब त्या तक्त्यात शोधावा लागतो.

[दृश्य: गुलटेकडी, फूलबाजार. खोक्यांवर शहरांची नावं.]

10 फेब्रुवारीनंतर कापलेला माल युरोपात वेळेत पोचत नाही. तो दिल्ली, जयपूर, हैदराबादला जातो, थोडा गुलटेकडीला. अलीकडे देशातलाच भाव बरा मिळतो म्हणून अनेकांनी निर्यातीचा वाटा कमी केला आहे. इथे कळी थोडी उमललेली चालते, दांडा पन्नासचा असला तरी हरकत नाही, पैसेही लवकर हातात येतात. जात मात्र डच, आणि रॉयल्टी रोप घेतानाच भरलेली.